मोजकाठीला चौथरा

प्रवासवर्णनात पूल येतो तो ओलांडण्यापुरता. मी मात्र यंदा कार्तिकात पुण्याहून निघाले, यवतमाळ जिल्ह्यातल्या एका पुलापाशी पोचले आणि सहा दिवस बहुतेक तिथेच राहिले. त्या भागात लेणी नाहीत, धबधबा नाही, नाव घेण्यासारखी मिठाई नाही. परत आल्यावर शेजाऱ्यांनी फोटो मागितले तेव्हा माझ्याकडे दाखवायला कापूस, धुकं आणि लोखंडी होडग्यांची एक रांग एवढंच होतं. "रस्ता आहे का हा?" असं एकीने विचारलं. होता तो रस्ताच, फक्त श्वास घेणारा.

मला तिथे बोलावलं मेहरुन्निसाने. नागपूरच्या वसतिगृहात आम्ही तीन वर्षं एका खोलीत काढली. पुढे ती मुकुटबनकडच्या एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेत गणित शिकवून निवृत्त झाली. मी पुण्यात ग्रंथालयातून. दोन वर्षांपूर्वी तिच्या मूत्रपिंडांनीही निवृत्ती घेतली. तेव्हापासून दर मंगळवारी आणि शुक्रवारी तिला पांढरकवड्याला डायलिसिससाठी जावं लागतं. गाव आणि पांढरकवडा यांच्यामध्ये पैनगंगेला मिळणारी एक नदी आहे. तिच्यावरचा जुना पूल पावसाळ्यात मधोमध खचला. मग अडीच तासांचा वळसा, तोही अशा रस्त्याने की डांबर होतं याची फक्त आठवण उरलीय. त्या दिवसांत तिची डायलिसिसची एक पाळी चुकली, छातीत पाणी झालं आणि तिला नागपूरला न्यावं लागलं. शेवटी सैन्याच्या तुकडीने तरंगता पूल टाकला आणि पांढरकवडा पुन्हा पाऊण तासावर आला.

"सुधे, येऊन जा," ती फोनवर म्हणाली. "मी आता पाण्यावरून जात असते. पाहून तं जा."

गुरुवार

आमच्याकडे पाहुण्याला विचारतात, "पाणी हवंय का?" तिकडे विचारत नाहीत, तांब्या समोर येतो. मेहरूच्या घरी तो तिनेच आणला आणि मी पिऊन संपेपर्यंत माझ्याकडे पाहत राहिली. तिला दिवसाला तीन पेले. ओट्यावर एक खुणा केलेली बाटली असते. सकाळी भरायची, रात्रीपर्यंत पुरवायची. त्यात चहा आला, वरण आलं, गोळ्या गिळायचं पाणीही आलं.

"सावकाश पी," ती म्हणाली. "मले आवाज ऐकू दे."

जेवायला अंबाडीची भाजी, ज्वारीची भाकर आणि माझ्यासाठी खास पाटवडीचा रस्सा होता. तिची भाजी, क्षार निघून जावेत म्हणून, दोनदा उकळून, पाणी फेकून वेगळी केलेली. तिचे यजमान सत्तारभाई ट्रॅक्टर दुरुस्त करतात आणि कमी बोलतात. त्या दिवशी त्यांनी दोन वाक्यं उच्चारली, त्यातलं एक मांजरीला होतं.

शुक्रवार

सकाळी धुकं इतकं दाट होतं की नदी दिसण्याआधी तिचा वास आला: ओल्या लोखंडाचा, शेवाळाचा. सत्तारभाईंनी जीप थांबवली. धुक्यातून एक माणूस चालत आला, हातात लाल झेंडी. सुभेदार शेळके, कोल्हापूरकडचे. पुलावर कुठलंही वाहन आलं की ते नाहीतर त्यांचा एखादा जवान त्याच्यापुढे चालतो. एका वेळी एकच गाडी, पहिला गिअर, माणसाच्या पावलाचा वेग. मध्ये थांबायचं नाही, ब्रेक दाबायचा नाही.

"चला, माझ्यामागनं या," सुभेदार म्हणाले. "आणि गडबड करू नका. त्याला आवडत न्हाई."

'त्याला' म्हणजे पुलाला.

आम्ही निघालो. होडग्यांच्या, म्हणजे फौजी ज्यांना पाँटून म्हणतात त्यांच्या, पाठीवर लोखंडी फळ्या जोडलेल्या. जीप पुढे जाई तसतसं पुढचं होडगं जरासं दबे आणि मागचं सुटकेने वर येई. ती लाट आमच्याबरोबर पलीकडे चालली होती. दोन्ही काठ धुक्यात विरलेले. वर पांढरं, खाली पांढरं, मध्ये एका माणसाची पाठ आणि लाल झेंडी. आपण कुठून निघालो आणि कुठे चाललो आहोत, हे दोन्ही प्रश्न तेवढ्यापुरते मिटले होते. मेहरूने मान मागे टाकून डोळे मिटले.

"इथं मले झोप लागते," ती म्हणाली. "घरी लागत नाही, मशीनवर लागत नाही. इथं पाच मिनिटं लागते."

पलीकडे उतरल्यावर चाकांखाली माती आली ती फार कठीण वाटली.

शनिवार, रविवार

दोन दिवस मेहरू आराम करत होती आणि मी काठावरच्या अंजनाबाईंच्या चहाच्या टपरीवर बसून फौज पाहत होते. सैन्याचा पूल म्हटल्यावर मला बिगुल, सलाम वगैरे अपेक्षित होतं. प्रत्यक्षात पूल सांभाळणं हे म्हशी सांभाळण्यासारखं आहे. सकाळ-संध्याकाळ करावंच लागतं आणि त्याचं कुणी कौतुक करत नाही. एक जवान प्रत्येक होडग्याचं झाकण उघडून तळात साठलेलं पाणी हातपंपाने उपसतो. दुसरा हातोडीने खिट्ट्या वाजवत जातो. घट्ट खिट्टी टण् म्हणते, सैल झालेली नुसतीच पुटपुटते. वरच्या अंगाला नदीत लंगर टाकलेले आहेत आणि त्यांच्या दोरांनी होडगी प्रवाहात धरून ठेवली आहेत. पाणी चढलं की दोर सैल सोडायचे, उतरलं की आवळायचे.

"चढल्यावर सोडले नाहीत तर?" मी विचारलं.

"तर दोर होडग्याचं नाक खाली वढणार," सुभेदार म्हणाले. "नाकात पाणी गेलं की बुडालं बगा. माणसासारखंच."

म्हणून पाण्याची उंची दर तासाला बघायची. त्यासाठी काठाजवळच्या पाण्यात लाल-पांढऱ्या पट्ट्यांची एक मोजकाठी रोवली होती. पहाऱ्यावरचा जवान तासातासाला उतारावरून खाली येई, चिखलात एक गुडघा टेकून वाके, काठीकडे टक लावून बघे आणि वहीत आकडा लिही. दिवसातून चोवीस वेळा, न चुकता. शनिवारी मी पाहिलं तेव्हा काठीच्या डोक्यावर शेंदराचं बोट उमटलेलं होतं आणि खाली झेंडूचं एक फूल. मी कुठेही शेंदूर पाहिला की कपाळावर आठी घालते, तशी तिथेही घातली आणि चहा मागवला.

रविवारी फलक लागले. मंगळवारी पुलाचं लोकार्पण होतं. पूल अकरा दिवस वापरात होता, त्यावरून कापसाच्या गाड्या, म्हशी, दोन वराती आणि एक झोपाळू शिक्षिका जाऊन आली होती, तरी तो अजून लोकांना अर्पण झालेला नव्हता. पाहुणे मोठे होते. ते महामार्गाने, म्हणजे पलीकडच्या काठाने येणार; मंडप आमच्या काठावर. उद्घाटनाआधी त्याच पुलावरून यायचं तर शोभेना. तेव्हा पाहुण्यांनी अडीच तासांचा वळसा घालून यावं असं ठरलं.

"मंग पूल कायले पायजे त्याइले?" अंजनाबाई म्हणाल्या.

मंगळवार

दहाला मेहरूची डायलिसिसची पाळी होती. शुक्रवार ते मंगळवार हे तिच्या आठवड्यातलं लांब अंतर. चौथ्या दिवशी तिचे पाय सुजतात आणि बोलताना मध्येच श्वास घ्यावा लागतो. साडेआठला आम्ही नदीवर पोचलो. पुलाच्या तोंडाशी झेंडूची कमान, कमानीत आडवी लाल फीत आणि फितीपुढे पांढऱ्या कपड्यांतले राजूभाऊ उभे. सोहळ्याची व्यवस्था त्यांच्याकडे होती.

"साहेब येईपर्यंत गाडी सोडता येत नाही जी."

"कधी येनार साहेब?" सत्तारभाईंनी विचारलं.

"नऊला."

"म्हंजे अकराले," मेहरू म्हणाली. "राजू, तुले मी तिसरीत घड्याळ शिकवलं होतं. वाया गेलं काय रे?"

राजूभाऊ चटकन विद्यार्थी झाले. तेवढ्यात सुभेदार आले. दोन जवानांनी बांबूने फीत उंच धरली आणि जीप तिच्याखालून पुलावर गेली. पुढे सुभेदारांची पाठ. धुकं शुक्रवारसारखंच होतं. मेहरूने डोळे मिटले. दुसरं होडगं गेलं, तिसरं गेलं.

"सत्तार," ती डोळे न उघडता म्हणाली, "पूल एका कुशीवर हाये."

"धुकं आहे, तुला वाटतंय," मी म्हणाले.

"मी डोळे मिटून सांगून राह्यली. माह्यं डोकं उजवीकडे घरंगळून राह्यलं. त्या दिवशी नव्हतं." तिने दम घेतला. "याचे पाय सुजले. मले नको सांगू, सुजलेल्या पायाचं मले समजते." मग काच खाली करून तिने वर्गातल्या आवाजात हाक मारली, "सुभेदारसाहेब! पाणी चढलं काय?"

सुभेदार वळले. "न्हाई ताई, आत्ताच वही बघितली. रात्रीपासनं आकडा जाग्यावर हाय." पण बोलता बोलता त्यांची नजर होडग्याच्या नाकाकडे गेली. ते कडेला गेले, वाकले आणि तसेच वाकून राहिले. वरच्या अंगाची कड वीतभर खाली होती. पाणी झाकणाच्या ओठाशी येऊन परत जात होतं. लंगराचा दोर तारेसारखा ताठ.

ते आमच्याकडे आले तेव्हा चेहरा शांत होता, पण आवाज अगदी हळू. "सत्तारभाई, मागं घ्या. तुमच्याच चाकोरीतनं. ब्रेक न्हाई. मी मागनं चालतो."

उलट्या गिअरमध्ये ती तीन होडगी पार करायला किती वेळ लागला ते मला माहीत नाही. धुक्यात वेळाला काठ नसतो. मागची चाकं उतारावर चढली तेव्हा सत्तारभाई "या अल्लाह" म्हणाले आणि मला कळलं की मीही एवढा वेळ काहीतरी पुटपुटत होते. काय, ते सांगणार नाही. माझी काही तत्त्वं आहेत.

पूल बंद झाला. सुभेदार मोजकाठीकडे गेले, त्यांच्यामागे मी. काठी होती, पण चिखलात नव्हती. तिच्याखाली दगडांचा नीट रचलेला चौथरा होता, वर हार, समोर काठावर रांगोळी आणि फोडलेला नारळ. पाणी चौथऱ्यावरून खेळत होतं आणि काठीवर बरोबर कालचाच आकडा दाखवत होतं.

"हे कुणी केलं?" सुभेदारांनी विचारलं.

"आमी," अंजनाबाई पुढे झाल्या. त्यांच्या स्वरात अपराध नव्हता, थोडा अभिमानच होता. "काल सांजच्याले, चौघीजणींनं. उद्या एवढा मोठा मानूस येनार अन् देव असा चिखलात उभा? बरं दिसते काय ते?"

"देव? आवं बाई, ही पाणी मोजायची काठी हाय!"

"काठीले कोणी गुडघा टेकते काय जी?" अंजनाबाई म्हणाल्या. "तुमचे पोरं रातभर उठून उठून येते. गुडघा टेकते. डोळे लावून पाह्यते. वहीत नाव लिहिते. एवढी पूजा तं आमच्या पुजाऱ्यानं जिंदगीत नाई केली. आमाले वाटलं फौजीचा देव हाये. तुमचा देव, आमच्या नदीत. त्याचे पाय ओले राह्यले तं लाज कोनाले?"

मी आयुष्यभर पुस्तकांत राहिले, पण निरीक्षणातून निष्कर्ष काढण्याची इतकी स्वच्छ रीत क्वचित पाहिली. चुकली ती फक्त शेवटच्या पायरीवर.

बाकीचं उलगडायला वेळ लागला नाही. सोमवारी संध्याकाळी पहाऱ्यावरच्या जवानाला मंडपात पाहुण्यांचा सोफा उचलायला बोलावलं होतं, तेवढ्यात चौथरा झाला. तो परत आला तेव्हा हार दिसला. त्याला वाटलं, सोहळ्याची सजावट. खाली कुठेतरी बंधाऱ्याची दारं त्याच संध्याकाळी लावली गेली होती, तो परत येईपर्यंत पाणी वीतभर चढलं होतं. काठी आधीच वीतभर चढलेली. जवान दर तासाला इमानाने गुडघा टेकून तोच आकडा लिहीत राहिला.

"आता?" मी विचारलं.

"एकेक लंगराचा दोर सोडायचा, होडगी उपसायची. बोट एकच हाय. दोन तास तरी." सुभेदार जीपशी गेले. "ताई, बोटीनं पलीकडं सोडू का तुम्हाला?"

"पलीकडे गाडी आहे काय?"

"न्हाई."

"अन् बोट मले नेत असताना दोर कोण सोडंल?"

सुभेदारांनी बोटीकडे पाहिलं.

"जा, पूल पाहा," मेहरू म्हणाली. "मी मोजत बसते."

ती काय मोजते ते मला दिसत होतं. मी तिच्या शेजारी बसले. ती दर वाक्यानंतर थांबत होती, मग दर चार शब्दांनंतर. सत्तारभाई पांढरकवड्याच्या दवाखान्याला फोन लावत होते; तो सारखा व्यस्त लागत होता. धुक्यात बोटीचं इंजिन फटफटायचं, थांबायचं, कुणीतरी "सोड, सोड, धर!" ओरडायचं आणि एखादं होडगं झोपेतल्या माणसाने कूस बदलावी तसं सरळ व्हायचं. मंडपातल्या कर्ण्यावर "हॅलो, हॅलो, चेक" चाललं होतं. अंजनाबाईंनी चहा आणला. मेहरूने नको म्हटल्यावर त्या तो परत न नेता तिथेच जीपजवळ खाली बसल्या आणि पदराने तिच्या पायांवरच्या माश्या वारत राहिल्या.

"बाई, माह्यानं झालं न हे?" त्या हळूच म्हणाल्या.

"नाही वं," मेहरू म्हणाली. "सोफ्यानं झालं."

साडेअकराला सुभेदार कोपरापर्यंत चिखलाने माखून आले. पूल सरळ झाला होता. नेमक्या त्याच वेळी वळसा संपवून पाहुण्यांच्या गाड्याही आल्या. एकामागे एक, शेपटीला नाक लावून, मी मोजल्या त्या बारा. राजूभाऊ धावले. कॅमेरे धावले; एक मुलगी फोन उंच धरून सगळं थेट दाखवत होती. "आधी साहेबांची गाडी!" राजूभाऊ ओरडले. "फीत कापून साहेब सगळ्यात पयले पुलावर जातील!"

सुभेदारांनी हात रुमालाला पुसले, सावधान उभे राहिले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "जरूर साहेब. पूल आत्ताच पुन्हा बांधलाय. धरतो का न्हाई ते पहिली गाडी गेल्यावरच कळतं. आपली गाडी पहिली लावू ना?"

पाहुण्यांनी पुलाकडे पाहिलं. मग राजूभाऊंकडे. मग नदीकडे, जरा जास्त वेळ.

"आपण जनतेचे सेवक आहोत," ते म्हणाले. "आधी जनता."

फीत पुन्हा बांबूवर उचलली गेली. सत्तारभाईंनी पहिला गिअर टाकला. सुभेदार पुढे चालू लागले आणि धुकं विरत आलेल्या उन्हात, आपोआप सुरू झालेल्या टाळ्यांत, आम्ही पाण्यावर आलो. पुलाची लाट पुन्हा आमच्याबरोबर चालू लागली. दबणं, सुटणं, दबणं, सुटणं. मेहरूचं डोकं बरोबर मध्ये राहिलं. पण या वेळी ती झोपली नाही. तिने माझा हात धरला होता आणि श्वासाच्या मध्ये मध्ये होडगी मोजत होती. शेवटचा आकडा म्हटला तेव्हा चाकांखाली माती होती.

पलीकडे मी काच खाली केली. "पहिली गाडी परीक्षेची, असा नियम आहे?"

"लिहिलेला न्हाई," सुभेदार म्हणाले. "पळा आता."

पांढरकवड्यात दवाखान्याच्या दारात चाकांची खुर्ची घेऊन मशीनवाला प्रफुल्ल उभा होता. आमचा फोन लागला नव्हता, तरी मशीन धुऊन तयार. "मॅडम, तुमची जीप लाइव्ह पाह्यली न मी," तो म्हणाला. "फितीखालून आली तवाच तुमचा बेड धरून ठेवला." प्रसिद्धीचा इतका नेमका उपयोग झालेला मी पहिल्यांदाच पाहिला, आणि त्या उंच धरलेल्या फोनबद्दल मनात केलेली सगळी टीका मागे घेतली.

सुया लागल्या. नळीतून रक्त निघालं, फिरून परत आलं. अर्ध्या तासाने तिचे शब्द चारावरून सहावर गेले. मग तिने एक पूर्ण वाक्य न थांबता म्हटलं. ते प्रफुल्लने टेप नीट न लावल्याबद्दल होतं. सत्तारभाई भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

मग त्यांचा फोन वाजला. त्यांनी तो माझ्याकडे दिला. पलीकडे कर्णा चालू होता. कुणीतरी म्हणत होतं की आजच्या या ऐतिहासिक दिवशी हा पूल मी जनतेला अर्पण करतो. त्या गदारोळातून सुभेदारांचा आवाज आला.

"ताई लागल्या का मशीनला?"

"लागली."

"बोलत्यात का?"

"रागावतेय."

"बरं झालं," ते म्हणाले. "अंजनाबाई, द्या हो आता माझा च्या."